इन्क्युबेटरमधील आर्द्रता आणि अंड्याचे घटते वजन

इन्क्युबेटर नव्याने घेतलेल्या जवळजवळ प्रत्येकाचा पहिला प्रश्न हाच असतो की, आर्द्रता किती टक्के ठेवायची. या प्रश्नाचे रूढ उत्तर सर्वांना ठाऊक आहे: कोंबडीच्या अंड्यांसाठी पहिले १८ दिवस ५० ते ५५ टक्के आणि शेवटचे ३ दिवस ६५ ते ७० टक्के. यंत्राच्या माहितीपत्रकात बहुधा हेच किंवा याच्या जवळपासचे आकडे असतात आणि सुरुवात करायला ते पुरेसे आहेत. मात्र मला यापुढची एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. आर्द्रता हे केवळ साधन आहे. आपल्याला साधायचे असते ते अंड्यातून ठरावीक प्रमाणात पाणी बाहेर जाणे. मापकावर ५५ टक्के दिसत असताना एका अंड्यातून हवे तेवढे पाणी जाते, दुसऱ्यातून फारच कमी, आणि तिसऱ्यातून गरजेपेक्षा जास्त. म्हणून यंत्राच्या आकड्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक लक्ष अंड्याच्या वजनाकडे आणि त्यातील हवेच्या पोकळीकडे द्यावे, असे माझे ठाम मत आहे.

अंड्याचे कवच दिसायला अखंड असले तरी त्यात हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. साधारण ६० ग्रॅम वजनाचे कोंबडीचे अंडे २१ दिवसांच्या उबवणीत या छिद्रांतून सुमारे ६ लिटर प्राणवायू आत घेते आणि सुमारे साडेचार लिटर कार्बन डायऑक्साइड व ११ लिटर पाण्याची वाफ बाहेर सोडते. ११ लिटर वाफ म्हणजे जवळजवळ ९ ग्रॅम पाणी. एवढे पाणी गमावणे अंड्याला परवडते कसे, असा प्रश्न पडू शकतो. पण ते गमावल्याशिवाय पिल्लाची वाढ नीट पूर्णच होत नाही. वाढत्या गर्भाचे मुख्य इंधन म्हणजे बलकातील स्निग्ध पदार्थ, आणि एक ग्रॅम स्निग्ध पदार्थ शरीरात जळला की एक ग्रॅमहून किंचित जास्त पाणी तयार होते. म्हणजे बंद कवचाच्या आत रोज नवे पाणी निर्माण होत असते, आणि त्याला वाट मिळाली नाही तर पिल्लाच्या शरीरात पाण्याचा अंश अवाजवी वाढतो. दुसरे कारण जागेचे आहे. जेवढे पाणी जाते तेवढी जागा रुंद टोकाकडील हवेची पोकळी व्यापते, आणि १९व्या किंवा २०व्या दिवशी पिल्लू चोचीने आतला पापुद्रा फोडून याच पोकळीतल्या हवेत फुप्फुसांनी पहिला श्वास घेते. पोकळी लहान राहिली, तर त्या श्वासालाच हवा अपुरी पडते.

पाणी कमी गेलेली पिल्ले आकाराने मोठी, सुजल्यासारखी आणि मंद असतात. त्यांना कवचात वळायला जागा उरत नाही, पोट जड दिसते आणि बेंबी नीट मिटलेली नसते. त्यांतील काही कवचाला टोच मारूनही तिथेच मरतात, आणि असे अंडे उघडले की आत चिकट द्रव साचलेला आढळतो. पाणी जास्त गेले तर पिल्ले लहान व अशक्त निपजतात, पापुद्रा त्यांच्या अंगाला घट्ट चिकटतो आणि कवच कापत पुढे सरकण्याची ताकद त्यांच्यात राहत नाही. या दोन्ही टोकांच्या मधली वाट तशी अरुंद नाही, ही दिलासा देणारी बाब आहे. पक्ष्यांच्या अंड्यांतून होणाऱ्या वायूंच्या देवाणघेवाणीचा १९७० च्या दशकात हर्मन रान, अमोस आर आणि चार्ल्स पॅगनेली या शास्त्रज्ञांनी सखोल अभ्यास केला, आणि त्यातून असे दिसले की, अंडे मोठे असो की चिमुकले, नैसर्गिक उबवणीच्या संपूर्ण काळात ते आपल्या मूळ वजनाच्या सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास पाणी गमावते. इन्क्युबेटरमध्ये कोंबडीच्या अंड्यांचे वजन पहिल्या १८ दिवसांत ११ ते १३ टक्क्यांनी घटावे, हा सर्वत्र वापरला जाणारा निकष आहे आणि मी स्वतः १२ टक्के हे लक्ष्य डोळ्यांसमोर ठेवते.

आता आर्द्रतेच्या टक्केवारीचा नेमका अर्थ पाहू, कारण बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतो. आपण जी टक्केवारी वाचतो ती सापेक्ष आर्द्रता असते: त्या तापमानाला हवा जास्तीत जास्त जेवढी वाफ धरू शकते, त्याच्या किती टक्के वाफ तिच्यात आत्ता आहे, एवढेच ती सांगते. हवा तापली की तिची वाफ धरण्याची क्षमता झपाट्याने वाढते. त्यामुळे २५ अंश सेल्सिअस तापमानाची आणि ६० टक्के आर्द्रतेची खोलीतील हवा इन्क्युबेटरमध्ये शिरून ३७.५ अंशांपर्यंत तापली की, तिच्यातील वाफेचा एक कणही कमी न होता तिची आर्द्रता साधारण ३० टक्क्यांवर येते. थंड आणि कोरड्या दिवशी, म्हणजे खोलीत २० अंश व ५० टक्के असताना, हाच आकडा १८ टक्क्यांच्या आसपास जातो. उलट खोलीत ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल, तर यंत्रात पाण्याचा थेंबही न घालता आत ५५ टक्क्यांच्या जवळपास आर्द्रता आपोआप मिळते. पाण्याशिवाय अंडी उबवावीत की पाणी घालून, यावर दोन्ही बाजूंनी हिरिरीने बोलले जाते. त्यात प्रत्येकाचा अनुभव खरा असतो, कारण प्रत्येकाच्या खोलीतली हवा वेगळी असते. इन्क्युबेटर आसपासची हवा घेऊन ती तापवतो, एवढे लक्षात ठेवले की हा वाद मिटतो आणि प्रश्न उरतो तो आपल्या खोलीत, या ऋतूत, किती पाणी लागेल एवढाच.

अंड्याच्या आतली हवा वाफेने संपृक्त असते असे धरले, तर पाणी बाहेर जाण्याचा वेग आतल्या शंभर टक्क्यांतून बाहेरची आर्द्रता वजा केल्यावर उरणाऱ्या फरकाच्या प्रमाणात असतो. बाहेर ५५ टक्के असताना हा फरक ४५ चा असतो आणि ३० टक्के असताना ७० चा. म्हणजे दुसऱ्या स्थितीत अंडे दीडपटीहून अधिक वेगाने वाळते. या साध्या हिशेबातून एक महत्त्वाची गोष्ट निघते: पाणी थोडे थोडे करून १८ दिवस जात असते, त्यामुळे या काळात सरासरी महत्त्वाची आहे. रात्री पाणी संपल्यामुळे काही तास आर्द्रता ३५ टक्क्यांवर गेली किंवा पावसाळी हवेमुळे एक दिवस ६५ टक्क्यांवर राहिली, तर घाबरून झाकण उघडझाप करण्याचे कारण नाही. पुढचे दोन-तीन दिवस विरुद्ध बाजूला थोडे झुकवले की हिशेब जुळतो. तापमानाच्या बाबतीत अशी सवलत मिळत नाही, कारण दोन-तीन अंशांनी वाढलेली उष्णता काही तासांत गर्भ मारू शकते. म्हणून पंखा असलेल्या यंत्रात ३७.५ अंश, आणि पंखा नसलेल्या यंत्रात अंड्यांच्या वरच्या पातळीवर ३८.३ ते ३८.९ अंश, हे आधी पक्के साधावे आणि मगच आर्द्रतेच्या बारकाव्यांत शिरावे.

वजन करण्याची पद्धत अगदी सोपी आहे. प्रत्येक अंड्यावर मऊ पेन्सिलीने क्रमांक लिहावा आणि यंत्रात ठेवण्याआधी त्याचे वजन वहीत टिपावे. एकेका अंड्यासाठी ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा लागतो. सगळी अंडी एकत्र तोलायची असतील तर १ ग्रॅमपर्यंत मोजणारा पुरतो. समजा दहा अंड्यांचे मिळून वजन ६०० ग्रॅम आहे. १८ दिवसांत १२ टक्के घट म्हणजे ७२ ग्रॅम, म्हणजेच रोज ४ ग्रॅम. वजन जवळजवळ सरळ रेषेत उतरते, त्यामुळे सहा दिवस पूर्ण झाल्यावर ते ५७६ ग्रॅम असायला हवे. काट्यावर ५८२ दिसले, तर घट २४ ऐवजी १८ ग्रॅम झाली, म्हणजे रोज ३ ग्रॅम. आता उरलेल्या १२ दिवसांत ५४ ग्रॅम जायचे असतील तर रोज साडेचार ग्रॅम जायला हवेत. या सहा दिवसांत आर्द्रता सरासरी ६० टक्के राहिली असेल तर फरक ४० चा होता आणि त्यातून ३ ग्रॅम गेले. साडेचार ग्रॅमसाठी फरक ६० चा हवा, म्हणजे आर्द्रता ४० टक्क्यांवर आणावी लागेल. त्रैराशिकाच्या पलीकडचे गणित यात काहीच नाही, आणि तरीही माहितीपत्रकातील कोणत्याही तक्त्यापेक्षा ते अधिक अचूक उत्तर देते, कारण त्यात आपल्याच अंड्यांचे कवच, आपलेच यंत्र आणि आपल्याच खोलीतली हवा हिशेबात आलेली असते. आपला आर्द्रतामापक नेहमी एकाच दिशेने थोडा चुकत असला तरी यामुळे दिशा कळते, हा आणखी एक लाभ.

मधल्या तपासणीत काही अंडी अफलित म्हणून काढून टाकली असतील, तर त्यांचे मूळ वजन सुरुवातीच्या बेरजेतून वजा करायला विसरू नये. अफलित अंड्यातूनही पाणी जातच असते, त्यामुळे वजनावरून अंड्यात जीव आहे की नाही हे कळत नाही. त्यासाठी अंधारात दिव्यासमोर धरूनच पाहावे लागते.

दिव्यासमोर पाहण्याचा आर्द्रतेसाठीही मोठा उपयोग आहे. अंधाऱ्या खोलीत अंड्याचे रुंद टोक लहान पण प्रखर दिव्यावर टेकवले की, पोकळीचा भाग फिकट पिवळा आणि बाकीचा अधिक गडद दिसतो, आणि त्या दोहोंमधली सीमा एखाद्या तिरक्या वर्तुळासारखी उमटते. पेन्सिलीचे टोक त्या सीमेवर ठेवून अंडे हळूहळू फिरवत मी पूर्ण रेघ काढते आणि शेजारी दिवसाचा आकडा लिहिते. ७व्या, १४व्या आणि १८व्या दिवशी असे केले की, कवचावर एकाखाली एक तीन रेघा दिसतात. पोकळी नीट वाढत असेल तर प्रत्येक रेघ आधीच्या रेघेपासून ठळक अंतरावर उतरलेली असते, आणि १८व्या दिवशी पोकळीने अंड्याचा साधारण पाव ते एक तृतीयांश भाग व्यापलेला असतो. शेवटच्या दिवसांत ही सीमा एका बाजूला बरीच झुकते आणि तिच्या कडेला पिल्लाची हालचाल सावलीसारखी दिसते. ते पिल्लाच्या तयारीचे लक्षण आहे, पोकळी बिघडल्याचे नाही. गडद तपकिरी कवचाच्या अंड्यांत मात्र ही सीमा अंदाजानेच काढावी लागते, आणि तिथे वजनकाट्यालाच प्राधान्य द्यावे.

एवढे सगळे करताना आर्द्रतामापकावर विश्वास किती ठेवायचा, हेही तपासून घ्यावे. स्वस्त डिजिटल मापक पाच टक्क्यांनी, कधी त्याहूनही जास्त चुकतात. तपासणीसाठी घरातील साधे मीठ पुरते. एका लहान झाकणात मीठ घेऊन ते ओल्या वाळूसारखे होईल एवढेच पाणी त्यात घालावे, मीठ पूर्ण विरघळू देऊ नये. ते झाकण आणि मापक हवाबंद डब्यात शेजारी शेजारी ठेवून डबा एका स्थिर तापमानाच्या जागी आठ ते बारा तास बंद ठेवावा. संपृक्त मिठाच्या वरची हवा ७५ टक्के आर्द्रतेवर स्थिरावते आणि नेहमीच्या तापमानांत हा आकडा फारसा बदलत नाही. मापकाने ७० दाखवले तर त्याच्या वाचनात ५ मिळवावेत. यंत्रात मापक अंड्यांच्याच पातळीवर ठेवावा. पाण्याच्या अगदी वर किंवा पंख्याच्या थेट झोतात ठेवलेला मापक अंड्यांभोवतीची हवा दाखवत नाही.

काही जण ओल्या फुग्याचा थर्मामीटर वापरतात, म्हणजे ज्याच्या फुग्यावर सतत ओली राहणारी सुती नळी चढवलेली असते असा. ही जुनी पद्धत मला आजही भरवशाची वाटते. साधा थर्मामीटर ३७.५ अंश दाखवत असताना ओल्या फुग्याचा २९ अंश दाखवत असेल तर आर्द्रता ५३ टक्क्यांच्या जवळपास असते, आणि ३२ अंश दाखवत असेल तर ६८ टक्क्यांच्या. त्या नळीवर क्षार साचून ती कडक झाली की पाणी नीट वर चढत नाही, फुगा पुरेसा थंड होत नाही आणि आर्द्रता आहे त्यापेक्षा जास्त दिसू लागते. म्हणून नळी वेळोवेळी बदलावी आणि शक्य असेल तर क्षारविरहित पाणी वापरावे.

पाण्याच्या बाबतीत नवख्या माणसाचा हमखास होणारा समज असा की, आर्द्रता वाढवायची तर भांड्यात पाणी अधिक भरावे. बाष्पीभवन पाण्याच्या पृष्ठभागावरून होते, त्यामुळे भांडे काठोकाठ भरले काय किंवा अर्धे भरले काय, आर्द्रतेत फरक पडत नाही. पाणी जास्त दिवस पुरते, एवढेच. ओला कपडा घडी करून ठेवण्यापेक्षा पसरून वाळत घातला की लवकर सुकतो, तोच नियम इथे आहे. आर्द्रता वाढवायची असेल तर भांडे रुंद घ्यावे, दुसरी खाच भरावी, किंवा पाण्यात अर्धवट बुडालेला स्पंज अथवा सुती कापड ठेवून ओला पृष्ठभाग वाढवावा. कमी करायची असेल तर त्याच पृष्ठभागाचा काही भाग झाकावा. पाणी नेहमी कोमट घालावे, कारण थंड पाणी घातले की यंत्राचे तापमान खाली येते आणि बाष्पीभवनही काही काळ मंदावते. स्पंज आणि कापड दर काही दिवसांनी उकळत्या पाण्यातून काढावे. ३७ अंशांच्या उबेत साचलेले पाणी जंतूंना फार मानवते, आणि त्याच यंत्रात सच्छिद्र कवचाची अंडी ठेवलेली असतात. याच कारणासाठी कोंबडीच्या अंड्यांवर पाणी फवारणे मला पसंत नाही. त्याने आर्द्रता थोड्या वेळापुरती वाढते, पण ओल्या कवचावरून जंतूंना छिद्रांतून आत शिरायला वाट मिळते.

आर्द्रता वाढवण्यासाठी हवेची छिद्रे बंद करणे हा उपाय तर कधीच करू नये. छिद्रे बंद केली की आकडा लगेच चढतो, आणि म्हणूनच तो मोह होतो. पण पहिल्या आठवड्यात जेमतेम प्राणवायू लागणाऱ्या अंड्यांची गरज शेवटच्या आठवड्यात कितीतरी पटींनी वाढलेली असते. उबवणीचे दिवस सरतील तशी छिद्रे अधिक उघडत न्यावीत आणि त्यामुळे निघून जाणारी वाफ ओला पृष्ठभाग वाढवून भरून काढावी.

खरी कसोटी लागते ती दमट हवेत. कोरड्या खोलीत पाणी घालून आर्द्रता हवी तेवढी वाढवता येते, परंतु खोलीतली हवाच वाफेने भरलेली असेल तर साध्या इन्क्युबेटरकडे ती वाफ काढून टाकण्याची कोणतीही सोय नसते. अशा वेळी भांडी पूर्ण कोरडी करावीत, छिद्रे पूर्ण उघडावीत, आणि तरीही आकडा उतरत नसेल तर यंत्राऐवजी खोलीकडे वळावे: स्वयंपाकघर, न्हाणीघर किंवा ओले कपडे वाळत घातलेली जागा यांपासून यंत्र दूर न्यावे आणि शक्य असल्यास वातानुकूलन यंत्राने किंवा हवा कोरडी करणाऱ्या यंत्राने त्या खोलीतली वाफ कमी करावी. मुळात इन्क्युबेटर कुठे ठेवायचा हा निर्णय सर्वांत आधी आणि सर्वांत विचारपूर्वक घ्यावा, कारण ज्या खोलीचे तापमान आणि आर्द्रता दिवसभर फारशी बदलत नाही तिथे निम्मे काम आधीच झालेले असते.

अंडी निवडताना आणि साठवतानाही पाण्याचा विचार सोडता येत नाही. वयस्क कोंबड्यांची अंडी मोठी व तुलनेने पातळ कवचाची असतात आणि लवकर वाळतात. नुकत्याच अंड्यावर आलेल्या तलंगांची अंडी लहान व जाड कवचाची असून पाणी सावकाश सोडतात. दोन्ही एकाच यंत्रात ठेवली तर दोघांनाही नेमके मानवेल असे वातावरण देता येत नाही, तेव्हा शक्यतो एकसारखी अंडी एका वेळी लावावीत. केसाएवढी चीर गेलेले अंडेही भराभर वाळते आणि सडण्याचा धोका असतो, म्हणून ते बाजूला काढावे. लावण्याआधी अंडी साठवायची असतील तर १५ ते १८ अंश तापमान आणि सुमारे ७५ टक्के आर्द्रता योग्य ठरते, आणि आठवड्यापेक्षा जास्त दिवस साठवू नयेत. थंड जागेतून काढलेली अंडी एकदम दमट, उबदार हवेत आणली की कवचावर दव जमते. ते टाळण्यासाठी त्यांना आधी खोलीच्या तापमानाला सावकाश येऊ द्यावे. समुद्रसपाटीपासून बऱ्याच उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने वाफ कवचातून अधिक वेगाने निघते, तिथे आर्द्रता थोडी जास्त ठेवावी लागते. लावे १७ ते १८ दिवसांत आणि बहुतेक जातींची बदके २८ दिवसांत निघतात. त्यांचे दिवस आणि आकडे वेगळे असले तरी वजन घटण्याचा हिशेब याच पद्धतीने मांडता येतो.

१८व्या दिवशी अंडी फिरवणे थांबवले जाते आणि इथून पुढे आर्द्रतेचा सगळा अर्थच बदलतो. आधी आपण पाणी जाण्याचा वेग सांभाळत होतो. आता पापुद्रा ओला राहावा यासाठी आर्द्रता हवी असते, आणि आता सरासरीवर भागत नाही. पिल्लू आधी आतला पापुद्रा फोडून पोकळीत चोच आणते, मग काही तासांनी कवचाला बाहेरून दिसेल अशी पहिली टोच मारते. त्यानंतर ते बराच वेळ स्वस्थ राहते. या काळात बाहेरच्या पापुद्र्यातील रक्तवाहिन्यांमधले रक्त शरीरात परतते आणि उरलेला बलक पोटात ओढला जातो. पहिल्या टोचेपासून पूर्ण बाहेर येईपर्यंत साधारण १२ ते २४ तास लागतात. टोचेजवळचा पापुद्रा नीट पाहिला तर सुरुवातीला तो पांढरा, पातळ आणि ओलसर चमक असलेला असतो व पिल्लाच्या श्वासासरशी हलतो. हवा कोरडी झाली की त्याच्या कडा पिवळट होत जातात, मग तपकिरी, आणि शेवटी तो चामड्यासारखा ताठ होऊन ओल्या लवेला चिकटतो. पिल्लाला अंड्यात गोल फिरत कवच कापायचे असते, आणि असा चिकटलेला पापुद्रा त्याला एका जागी जखडून ठेवतो. पुरेशी ताकद असलेले, सर्व बाजूंनी निरोगी पिल्लू केवळ यामुळे जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण हे टाळण्यासारखे असते.

म्हणून या तीन दिवसांत आर्द्रता ६५ ते ७० टक्के ठेवावी आणि झाकण बंद ठेवावे. झाकण उघडताच आतली उबदार, ओली हवा काही क्षणांत निघून जाते आणि ती पुन्हा तयार व्हायला कितीतरी जास्त वेळ लागतो. टोच मारलेली अंडी आत असतील तर तोच वेळ त्यांच्या पापुद्र्यांवर बेततो. पाणी बाहेरून बारीक नळीने भरता येईल अशी सोय १८व्या दिवसाआधीच करून ठेवावी. पहिले पिल्लू बाहेर आले की त्याच्या ओल्या अंगावरील पाणी हवेत मिसळून आर्द्रता आपोआप ७५ ते ८० टक्क्यांपर्यंत चढते. ते स्वाभाविक आहे आणि ती उतरवण्यासाठी धडपड करू नये, फक्त हवेची छिद्रे उघडी आहेत ना, एवढे पाहावे. आधी निघालेल्या पिल्लांना बाहेर काढण्याची घाई करण्याचेही कारण नसते, कारण पोटात ओढून घेतलेल्या बलकावर ती दोन दिवस सहज काढू शकतात. लव पूर्ण सुकून फुललेली पिल्ले एकदमच, थोड्या वेळात, काढावीत.

उबवणी संपल्यावर न फुटलेली अंडी मी कधीच तशीच टाकून देत नाही. ती एकेक करून उघडावीत आणि शेजारी वजनाची वही ठेवावी. पूर्ण वाढलेले पिल्लू, भोवती द्रव, लहान पोकळी आणि वहीत आठ-नऊ टक्क्यांची घट असे दिसले, तर दोष जास्त आर्द्रतेचा. मोठी पोकळी, कोरडा चिकटलेला पापुद्रा आणि पंधरा-सोळा टक्क्यांची घट असेल, तर उलट. पहिल्या आठवड्यातच थांबलेल्या गर्भांचा दोष मात्र आर्द्रतेवर ढकलू नये. त्यामागे बहुधा तापमान, लांबलेली साठवण, प्रवासात बसलेले धक्के किंवा कोंबड्यांचा अपुरा आहार असतो. वजन नीट घटलेले असूनही पिल्लू उलट्या टोकाला डोके करून मेलेले आढळले, तर तेही कारण वेगळे. अशी नोंद झाली की त्याच कोंबड्यांची अंडी पुढच्या वेळी लावताना सुरुवातीचा आकडा कुठे ठेवायचा हे ठरते: १८ दिवस सरासरी ५५ टक्क्यांवर नऊच टक्के घट झाली असेल, तर फरक ४५ वरून ६० वर न्यायचा, म्हणजे पहिल्या दिवसापासूनच ४० टक्के ठेवायचे, आणि सहा दिवसांनी पुन्हा वजनकाटा काढायचा.